खिळ्यावरची चाबी

आमच्या भक्तिमंडळाच्या सभागृहात मंडळाच्या महाराजांच्या फोटोशेजारी एक लाकडी फळी होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक चाबी. गावातलं जे घर मंडळ धरायचं, म्हणजे मंडळात जायचं, त्या घराची दुसरी चाबी तिथं लटकायची. आमच्या चाबीला लाल दोरा होता. तो मीच बांधला होता, ओळखायला सोपं जावं म्हणून. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात लपवण्यासारखं काही नसेल तर चाबी द्यायला भ्यायचं कशाला, असं मोठ्या बाई म्हणायच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या गावचं मंडळ चालवणाऱ्या. त्यांचा आवाज फार मऊ होता. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नाही.

मंडळातल्या दोन बाया केव्हाही चाबी घेऊन घरी येऊ शकत. चुलीवर काय शिजतं, टोपलीत कांदा-लसूण आहे का, कोणी बाहेरचं मुक्कामाला आहे का, ते बघायचं. मी शेतावरून घरी आले की एखाद्या दिवशी डब्यांची झाकणं अगदी घट्ट आणि सरळ लागलेली दिसत. माझ्या हातून झाकण नेहमी थोडं वाकडं बसतं. त्यावरून कळायचं की कोणीतरी येऊन गेलं.

मंडळ का धरलं ते सांगायला हवं, नाही तर मी एकाच बाजूचं लिहिते असं होईल. माझे मालक साकोलीला राईस मिलमध्ये हमालीला जातात. पूर्वी ते प्यायचे. मजुरी घेऊन निघालेला माणूस घरी कोणत्या अवस्थेत येईल याचा भरवसा नव्हता. सायंकाळी दारात आले की मी आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची, मग पुढचं बोलायची. मंडळात गेल्यावर ती दारू सुटली. खोटं कशाला बोलू, ती मंडळानंच सोडवली. त्यानंतर मंडळानं जे जे मागितलं ते मी देत गेले. त्यांनी मला नवीन नाव दिलं, ते मी घेतलं. एकाच फिक्या पिवळ्या रंगाचं लुगडं नेसायला सांगितलं, ते नेसले. गावाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, गुरुवारी सभेत उभं राहून परवानगी मागायची, ती मागितली. मला चार माणसांत बोलायची फार लाज वाटते.  म्हणून हळूहळू मी मागणंच बंद केलं, आणि कुठं जाणंही.

माझ्या जुन्या नावानं हाक मारणारी एक माझी माय तेवढी राहिली होती. ती अड्याळला एकटी राहायची. वर्षातून एखाद्या वेळी परवानगी मिळाली तर मी जायची, पण माझा डबा आणि पाण्याची बाटली सोबत असायची. माय सुकट खाते, म्हणून तिच्या घरचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. मी माझ्या डब्यातली पोळी खायची आणि माय समोर बसून बघायची. एकदा म्हणाली, "माह्या हातचं खाऊन तू एवढी मोठी झाली. तवा नाई बाटली तू?" मी हसले. दुसरं काय करणार.

यंदा धानाच्या रोवण्याच्या आधी माय अंगणात घसरून पडली. उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर झालं. तिच्या शेजारच्या बाईनं मालकांच्या फोनवर कळवलं, "तुमच्या सासूले एका हातानं लुगडंही नेसता येत नाई जी. कोणीतरी घेऊन जा."

त्या गुरुवारी मी सभेत उभी राहिले. म्हटलं, हात बरा होईपर्यंत मायला घरी आणायचं आहे.

मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "आणा ना ताई. काहून नाही आणायचं? तिले फक्त मंडळाचं नाव घेऊ द्या. मग आपलीच झाली ते."

मायला विचारलं तर फोनवरच म्हणाली, "या वयात नाव बदलवू? यमाले माहा पत्ता नाई सापडणार मंग." आणि थोड्या वेळानं, "सुकट नाई सोडत मी. तुले जमत नसन तर राहू दे. मी करतो कसंतरी."

मालक म्हणाले, "मंडळ नाई म्हणते तर नाई. तिच्यासाठी बाईची सोय करू तिकडंच."

"कोणती बाई करन तिचं?"

"तू मले उलटून बोलून राहिली काय?"

 पण दुसऱ्या दिवशी मालक मिलला गेल्यावर मी बस धरून अड्याळला गेले आणि मायला घेऊन आले. कोणालाही विचारलं नाही. बसमध्ये माझे हात थरथरत होते. मायला वाटलं मला थंडी वाजते, तिनं आपल्या पदराचं टोक माझ्या हातावर टाकलं. मालक संध्याकाळी आले, मायला बघितलं, चप्पल न काढता दारापुढच्या सपरीत बसून राहिले. मायला बाहेर काढा असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले एवढंच, "आता तुहं तू निस्तर."

मंडळाकडून कोणी काही बोललं नाही. मला तेच जास्त अवघड गेलं.

रोवणा सुरू झाला होता. मंडळाच्या बायांची वेगळी टोळी असते. आम्ही मंडळातल्याच लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, रोवायचो, आणि दुसऱ्या बायांसारखी गाणी म्हणायची नाहीत, असा नियम. एके दिवशी आम्ही तलावाखालच्या बांधीत होतो. प्रत्येकीला तिची पात ठरलेली असते. सगळ्या ओळीनं उभ्या, वाकून रोप लावत लावत मागं सरकायचं. कोणी मध्येच पात सोडली तर तिथं धानाची ओळ तुटते, बाजूच्या बाईला दोन पाती ओढाव्या लागतात. म्हणून पोटात दुखलं तरी बाई पात पुरी करूनच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढते.

दुपारी जेवून पुन्हा बांधीत उतरलो तेव्हा दोन बाया कमी दिसल्या. मी विचारलं, "त्या ताई कोठी गेल्या?"

माझ्या बाजूची बाई वर न बघता म्हणाली, "सेवेले गेल्या."

"कोणाच्या घरी?"

ती रोप लावत मागं सरकली. पलीकडची एक जरा हसल्यासारखी झाली आणि तिनं तोंड खाली घातलं. तेव्हा मला कळलं, माझ्याच घरी. सगळ्यांना माहीत होतं, मला तेवढं माहीत नव्हतं. धुऱ्यावर मोठ्या बाई छत्री घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी दोन-चार रोपं लावली. कशी लावली ते आठवत नाही.  हातातली रोपांची जुडी मी तिथंच चिखलात खोचली आणि सरळ उभी राहिले.

"ताई, पात पुरी करा," मोठ्या बाई म्हणाल्या. तोच मऊ आवाज.

"माय एकटी आहे घरी."

"एकटी नाही ना. आपल्या बाया आहेत तिच्यापाशी. पात अर्धी टाकून जाऊ नका. परत येणं अवघड होते मग."

मी धुऱ्यावर चढले. छत्रीच्या बाजूनं जायला जागा थोडी होती. त्या बाजूला झाल्या नाहीत, म्हणून मी पलीकडच्या बांधीत उतरून, गुडघाभर चिखलातून वळसा घालून गेले. मागं कोणी हाक मारली नाही. मी मागं बघितलंही नाही, पण माझी अर्धी पात पाठीवर असल्यासारखी वाटत होती.

घरी आले तर माय अंगणात, भिंतीला लागून, दगडावर बसलेली. भुरभुर पाऊस होता. तिनं प्लास्टरचा हात पदराखाली घेतला होता आणि तिचं गाठोडं मांडीवर. घराचं दार सताड उघडं, आतून पाणी वाहत उंबऱ्याबाहेर येत होतं. त्या दोघी आमचं घर धूत होत्या.

मला बघून माय म्हणाली, "आली का बाई? तुह्या सया लय कामाच्या. मले म्हणाल्या, आजी बाहेर बसा, घर साफ करून राहिलो. मीच त्याहिले झाडू कोठी आहे तो दाखवला."

हसावं की रडावं मला कळेना. मायला वाटलं होतं, मुलीच्या मैत्रिणी मदतीला आल्या. तिनं त्यांना बादली दाखवली, पाणी कुठून आणायचं ते सांगितलं, आणि स्वतःचं गाठोडंही त्यांच्या हातातून आनंदानं घेतलं.

आतून एक बाहेर आली. वयानं माझ्याहून लहान, मंडळात माझ्यानंतर आलेली. तिच्या हातात मायची सुकटीची पिशवी होती, दोन बोटांत धरलेली.

"ताई, हे बाहेर टाकतो. आणि आजीले आज सायंकाळच्या गाडीनं पाठवून द्या. दादांशी बोलणं झालं आहे."

दादा म्हणजे माझे मालक.

मी म्हटलं, "ते पिशवी खाली ठेव."

माझा आवाज एवढा बारीक निघाला की तिला ऐकू गेला नसावा. मी पुन्हा म्हटलं. या वेळी जरा जास्तच मोठ्यानं आला. तिनं पिशवी ठेवली. दुसरी आली, तिनं दाराला कडी लावली, कुलूप घातलं, आणि लाल दोऱ्याची चाबी कमरेला खोचून दोघी निघून गेल्या. आमच्याच दाराला कुलूप लावून त्या गेल्या आणि आम्ही दोघी बाहेर. माझी चाबी होती माझ्याजवळ, मी उघडू शकत होते. तरी मी उघडायला किती तरी वेळ लावला.

आत सगळं स्वच्छ होतं. चूल विझवलेली, राख काढलेली. डब्यांची झाकणं सरळ.

त्या संध्याकाळी मी मालकांना विचारलं, "तुमी त्याहिले हो म्हणलं होतं?"

ते म्हणाले, "मले विचारलं, मी नाई म्हणू शकलो नाई." मग म्हणाले, "तुले ठाऊक नाई. मंडळ सुटलं तर माही दारू परत लागन. मले भेव लागते."

मला राग आला होता, पण हे ऐकून तो पुढं गेला नाही. ते खरं बोलत होते. तेच भेव मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी मी साकोलीला गेले, कुलूप आणायला. दुकानात कुलपं तारेला टांगलेली होती, लहान, मोठी, पितळी. दुकानदार म्हणाला, "कोणतं दाखवू बाई?" मला काही सांगता येईना. इतक्या वर्षांत मी स्वतःच्या मनानं एक वस्तू निवडली नव्हती. लुगड्याचा रंगसुद्धा ठरलेला. त्यानं तीन-चार कुलपं काढून समोर ठेवली. मी एक हातात घेतलं, जड होतं, आणि त्याला विचारलं, "घेऊ का मी हे?"

तो हसला. "मले काय विचारता? कुलूप तुमच्या दाराले लागणार हाय का माह्या?"

मागं उभा असलेला एक माणूसही हसला. माझे कान गरम झाले. पण मी ते कुलूप घेतलं. त्यासोबत तीन चाब्या होत्या. घरी येऊन जुनं कुलूप काढलं आणि नवीन लावलं. एक चाबी मी माझ्या गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली. एक मायच्या बटव्यात. तिसरी तांदळाच्या कोठीत ठेवली. मालकांना दिली नाही. दिली तर ती गुरुवारी त्या फळीवर जाईल, याची मला खात्री होती.

संध्याकाळी ते आले, नवीन कुलूप बघितलं आणि आत गेले. घरात कोणी ना कोणी असायचंच, त्यामुळे त्यांना चाबी लागली नाही, दोन दिवस तसेच गेले.

मग मायला साकोलीच्या सरकारी दवाखान्यात हात दाखवायला नेलं. परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर दारात मोठ्या बाई आणि ती लहान वयाची बाई. लहान बाई कुलपावर वाकलेली होती. लाल दोरा दिसत होता. ती चाबी आत घालत होती, फिरवत होती, काढून पदराला पुसत होती, पुन्हा घालत होती. तिला वाटत होतं कुलपाला गंज लागला.

मला वाटलं मायला घेऊन मागं फिरावं. शेजाऱ्यांच्या भिंतीआड उभं राहावं, त्या जातील मग. मी खरंच दोन पावलं मागं झाले. माय म्हणाली, "काय झालं?" आणि तेवढ्यात मोठ्या बाईंनी आम्हाला बघितलं.

"या ताई," त्या म्हणाल्या, जशा काही घर त्यांचं आणि पाहुणी मी. "कुलूप बिघडलं वाटते."

"बदलवलं," मी म्हटलं.

"मग एक चाबी द्याची राहिली ना आमाले."

 पोतीतली चाबी मी पदरावरून मुठीत धरली होती. मी दार उघडलं असतं तर त्या आत आल्या असत्या. आत आल्यावर त्यांना बाहेर काढणं मला जमलं नसतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी उघडलं नाही. नुसती उभी राहिले. त्याही उभ्या राहिल्या. समोरच्या घरातल्या बाईनं सुपातले तांदूळ पाखडायचं थांबवलं.

"ताई, दादांचं काय होईन याचा विचार केला काय?" मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी सुटाल. तो माणूस सुटला तर कोठी जाईन, तुमाले ठाऊक आहे. तवा कोणाच्या दारात येसान?"

 मी पोत पदराबाहेर ओढली. मी चाबी काढलीच असती कदाचित.

तेवढ्यात माय म्हणाली, "बाई, मले लय जोराची लागली हाय. उघडतेस का इथीच बसू?"

समोरची बाई फिसकन हसली. मोठ्या बाईंच्या मागं उभी असलेली ती लहान बाईसुद्धा हसली, मग लगेच तिनं तोंडाला पदर लावला. मी मायला म्हटलं, "थोडी थांब."

"माह्या हातात आहे काय थांबणं?"

"थांब म्हणलं ना माय."

मग मी मोठ्या बाईंना म्हटलं, "चाबी नाई देत मी." एवढंच म्हटलं. मी खूप काही बोलायचं मनात जुळवून ठेवलं होतं, तलावाखालच्या बांधीतलं, मायला पावसात बसवल्याचं, पण तोंडातून तेवढंच निघालं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या लहान बाईच्या हातातून लाल दोऱ्याची चाबी घेतली आणि त्या गेल्या. त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मी दार उघडलं नाही. माय घाईघाईनं मागच्या अंगणाकडे गेली आणि जाता जाता मला माझ्या जुन्या नावानं एक शिवी घालून गेली.

त्या दिवसापासून मंडळातलं कोणी माझ्याशी बोलत नाही. हँडपंपावर मी गेले की बाया हंडा उचलून बाजूला होतात. नवीन नावानंही कोणी हाक मारत नाही. ते नाव त्यांनी परत घेतलं असावं.

मालक मात्र सभेला जात होते. बुधवारी रात्री जेवताना म्हणाले, "माह्या घरात येयाले मी तुले विचारू काय? मले चाबी नाई?"

मी म्हटलं, "तुमी ते खिळ्याले लटकवसान."

"मंग तुह्यात न् त्याहिच्यात काय फरक हाय? ते पण आमची चाबी ठेवून घेत, तूही ठेवून घेऊन राहिली."

माय खाली मान घालून भात खात होती.  हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. सकाळी मी कोठीत हात घालून ती तिसरी चाबी काढली, तांदळाची पिठी पुसली आणि त्यांच्या हातात दिली. लटकवू नका, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. त्यांनी ती करदोड्यात अडकवली आणि ते मिलला गेले. गुरुवारी मिलवरून ते सरळ सभेला जातात.

तो दिवस मी कसा काढला ते लिहिता येत नाही. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. एक, ती चाबी खिळ्याला. दुसरी, मालक मंडळाशी भांडून बाहेर पडले आणि सरळ गुत्त्यावर गेले. त्यातली कोणती वाईट हे मला ठरवता येत नव्हतं. मायनं सुकटीची चटणी केली होती, डाव्या हातानं वाटली, भरड राहिली. "खातेस काय?" म्हणाली. मी नको म्हटलं. भूकच नव्हती.

दिवे लागले तरी ते आले नाहीत. मग गल्लीत सायकलचा आवाज आला. मी दारात गेले आणि जुन्या सवयीनं आधी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. त्यांना ते कळलं. ते मान वळवून म्हणाले, "चहा पेलो. दुसरं काई नाई."

मी बाजूला झाले. ते सपरीत बसले.

"मागतली काय?"

"मागतली."

"मंग?"

"म्हणलो, घरी राह्यली."

"आन् त्या?"

"पुढच्या गुरुवारी आणजो म्हणल्या." त्यांनी शर्ट वर करून करदोड्याला हात लावला. चाबी तिथंच होती. "मोठ्या बाईसमोर मले खोटं बोलता येत नाई वो. घाम आला."

त्यांच्या बोलण्यात शौर्य नव्हतं, भीतीच होती. पुढच्या गुरुवारी ते काय सांगतील मला माहीत नाही. त्यांनाही नसावं. आणखी एखादा गुरुवार निघेल, मग एखाद्या दिवशी ते थकून देऊनही टाकतील. दिली तर मी पुन्हा कुलूप बदलीन. साकोलीचं दुकान आता मला माहीत आहे, आणि कोणतं पाहिजे ते सांगताही येईल.

आत मायनं आवाज दिला, माझ्या नावानं. "जेवाले या दोघं. भात थंडा होते."

मी तिघांची ताटं वाढली. मालकांच्या ताटात वरण-भात. माझ्या ताटात मी थोडी सुकटीची चटणी घेतली. इतक्या वर्षांनी चव उग्र लागली, डोळ्यांत पाणी आलं, पहिला घास नीट खालीही गेला नाही. मालक माझ्या ताटाकडे बघत होते.  मी पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा घास घेतला.